आडनाव नसलेला आकडा

“टाकी लोकांची आणि गुडघे माझे,” टाकीपाशी उकिडवा बसलेला धाकटा पुटपुटला. पंपाचा दांडा धरून उभ्या असलेल्या वहिनींना ते नीट ऐकू गेलं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच तो पुटपुटला होता.

टाकी वाफेची, एका लॉन्ड्रीसाठी बनवलेली. चालायची सहा बार दाबावर, म्हणून आधी पाण्याने नऊपर्यंत दाबून बघायची. तिघांची कामं लग्नापासून वाटलेली. वहिनींनी दांडा मारायचा. त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी, दाब दाखवणाऱ्या गेजसमोर उभं राहून आकडा पुकारायचा. आणि धाकट्या दिराने बॅटरी घेऊन, वेल्डच्या जोडाला जवळजवळ नाक लावून, कुठे थेंब फुटतोय का ते बघायचं.

त्या कारखान्यात आकड्याला आडनाव लावायची पद्धत नव्हती. चार म्हणजे चार बार, नऊ म्हणजे नऊ बार. घरच्या माणसाला कुणी आडनावाने हाक मारतं का, असं दादांचं म्हणणं.

जुना गेज काल बाकावरून पडून फुटला होता. आजचा शेजारच्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडून मागून आणलेला. धाकट्याने तो आवळून बसवला, गळत नाही याची खात्री केली आणि तबकडीवरची बारीक अक्षरं वाचायच्या भानगडीत पडला नाही. गेज तो गेज.

“दोन,” दादा म्हणाले.

वहिनींनी दांडा दाबला आणि त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. त्या थबकल्या. टाचा उचलायची वेळ आठाच्या पुढे यायची, दोनला तर दांडा एका हाताने चालायचा. आज फार जड लागतंय, असं त्या म्हणाल्या. धाकटा म्हणाला, चहा कमी पडला असेल. मग मान वाकडी करून त्याने स्वतःच गेजकडे नजर टाकली. दोन कुठले, एक पॉइंट चार आहे, दादा आज पुढे पळतायत, असं हसत सांगून त्याने पुन्हा वेल्डपाशी तोंड नेलं.

वहिनींना हसू आलं नाही. एकाचे दोन, दुसऱ्याचे एक पॉइंट चार. गेजच्या बाबतीत दादा कधी केसभर चुकले नव्हते. पण अलीकडे पेपर त्या वाचून दाखवत. “तुझा आवाज बरा लागतो,” दादा म्हणत, आणि त्या ते खरं मानून घेत. कपाकडे जाणारा दादांचा हात चाचपडला की धाकटा कप हळूच पुढे सरकवी.

“थांबलीस का? मार की,” दादा म्हणाले.

वहिनींनी अर्धा दांडा मारला. दांड्याने उलट ढकललं. टाकीतून टिक असा आवाज आला, चुलीवरून उतरवलेलं भांडं निवताना येतो तसा.

वहिनींनी दांडा सोडला आणि गेजपाशी जाऊन अक्षरं वाचली. एमपीए. मेगापास्कल.

पास्कलची त्यांच्या घरात थट्टाच होती. टेबलावर पडलेला एक कागद टेबलाला जेवढं दाबतो, साधारण तेवढा एक पास्कल. असल्या चिल्लरला नाव कशाला ठेवायचं, असं दादा विचारत. ती चिल्लर एक लाख झाली की एक बार. आणि मेगा म्हणजे दहा लाख. काटा दीडवर होता. पंधरा लाख. पंधरा बार. आणि वेल्डपासून वीतभर अंतरावर दिराचं तोंड.

“भावजी, बाजूला व्हा.”

“का, काय झालं?”

“आधी व्हा.”

तो बाजूला झाला. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, पाणी फुसफुसत मोरीत गेलं आणि काटा खाली येऊन शून्याच्या खिळ्याला टेकला. वेल्डवर पाण्याची केसासारखी रेघ उमटली होती. वहिनींनी हिशोब सांगितला. धाकट्याने आपल्या गालावरून हात फिरवला आणि खाली फतकल मारली.

मग सगळे एकदम समजूतदार झाले. धाकट्याने आधी प्रेसवाल्याला नावं ठेवली, मग आपणच अक्षरं वाचली नाहीत म्हणून स्वतःला. वहिनी म्हणाल्या, पहिल्याच जड दांड्याला मी थांबायला हवं होतं. ज्याला त्याला चूक आपल्याकडे हवी होती, लग्नघरात पाहुण्याचं सामान उचलायला धावावं तशी.

दादांनी रुमालाने तबकडी पुसली. “कळलं. मेगा आहे. म्हणजे पॉइंट नऊला थांबायचं. परत लावू, जोड किती गळतो ते बघू, मग नीट कर. मी सांगतो तुम्हाला.”

ते गेजवर वाकले. नाक काचेला टेकलं. त्या तबकडीवर शून्य आणि पॉइंट नऊ यांच्यात बोटभरही जागा नव्हती. जुन्या तबकडीवर काटा किती कलला की किती, हे त्यांना पाठ होतं. या तबकडीचं काहीच पाठ नव्हतं.

धाकट्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ओल्या फरशीकडे. पुढच्या वेळीही आकडा असाच चुकेल, दिराचं तोंड तेव्हाही वेल्डपाशीच असेल आणि टाचांना वेळेवर कळेलच असं नाही.

“चल, दांडा धर,” दादा म्हणाले.

वहिनींनी दांडा धरला नाही. पदराला हात पुसले, जवळ गेल्या आणि दादांच्या हातातला रुमाल काढून घेतला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला आकडे दिसत नाहीत.”