उघडी रोपं

"मावशी, वाफ्यांवरचं कापड काढा. आज पारा बराच उतरणार," प्रियदर्शनी मॅडम हात चोळत म्हणाल्या. निरभ्र आभाळ दिसलं की मॅडमना सण असल्यासारखं वाटे. परभणीच्या थंडीत तग धरील असं भाताचं वाण त्यांना काढायचं होतं. सगळी दुनिया थंडीत रोप झाकते. या संशोधन फार्मवर मात्र झाकलेलं उघडायचं, सकाळी पिवळी पडलेली रोपं उपटून फेकायची आणि जगलेल्यांचं पुढं बी धरायचं.

चतुराबाईनं हे काम कितीतरी हिवाळे बिनबोभाट केलं होतं. यंदा मात्र तिचा हात धजेना. लेक शिवकन्या अंगावरचं बाळ घेऊन ऊसतोडीला गेली होती. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे नुसतं खोपटं, आरपार वारा. सकाळी फोनवर लेक म्हणाली होती, "आई, बाळ लय कुडकुडायलंय. दूध बी ओढंना झालंय." तेव्हापासून तिचा फोन बंद होता.

भीतीपायी चतुराबाईच्या मनानं भलतंच घेतलं. कडेच्या वाफ्यातली रोपं जगली तर बाळ जगेल! देवाला कौल लावतात तसा तिनं रोपांना कौल लावला. आणि मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडताच तिलाच धीर निघेना. तिनं त्या वाफ्यावर गोणपाट अंथरलं, वरून पुन्हा कापड ओढलं.

दिवस उगवायच्या आत येऊन तिनं सगळं काढून टाकलं. वाफा हिरवागार होता. तिच्या जिवाला मात्र आराम पडला नाही. कौल आपणच फिरवला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मॅडम आल्या आणि वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या. "मावशी, बघा तरी! शेजारच्यांनी माना टाकल्यात आणि ही ताठ उभी! हेच आपलं वाण. याचंच बी धरायचं."

चतुराबाई पेचात पडली. खरं बोलावं तर काम जाणार, मग पुन्हा हातात ऊसतोडीचा कोयता. गप्प बसावं तर हे बी कुणाच्या तरी शेतात पहिल्याच थंडीत मरणार.

"मॅडम, ते थंडी सोसून न्हाई जगलं. म्या झाकलं व्हतं."

"झाकलं? का?"

"नातू कोपीत हाय. लय गार हाय तिथं. मला ह्ये उघडं बघवंना."

मॅडमचा चेहरा पडला. आता हाकलतात की काय, म्हणून चतुराबाई अंग चोरून उभी राहिली. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "आज परत उघडं ठेवू. कापड मी काढते."

"न्हाई. मीच काढते."

सकाळी पाहणी झाल्यावर पुन्हा घातलेलं कापड तिनं संध्याकाळी काढलं. आज मधे कुणी लबाडी करणार नव्हतं. घडी घालत असतानाच कमरेला खोवलेला फोन वाजला. पडद्यावर शिवकन्याचा फोटो. कालपासून ज्या फोनपायी जीव टांगणीला लागला होता, तोच तिला उचलवेना.

"तुमीच बोला, मॅडम. मी तुमच्या तोंडाकडं बघते."

मॅडमनी फोन कानाला लावला. "हॅलो" म्हणताच पलीकडून शिवकन्याचा हंबरडा आला. ऐकता ऐकता त्यांनी चतुराबाईचा हात घट्ट धरला.

बाळ गेलं, हे चतुराबाईला न सांगता कळलं. ती वाफ्याच्या कडेला खाली बसली आणि हात तसाच राहू दिला.