रंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुने मोटारीचे इंजिन आहे. जुने म्हणालो, निकामी म्हणालो नाही, हे आधीच नीट ऐकून घ्या. गेल्या वर्षी आंबिवलीच्या एका भंगारवाडीत मला फोडायला घण आणला होता, तरी आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

माझी पहिली पंचवीस वर्षे ठाण्यात, डॉक्टर त्र्यंबक यांच्या मोटारीत गेली. गल्लीच्या तोंडाशी माझा आवाज आला की आजारी माणसाला निम्मे बरे वाटते, असे लोक म्हणत. मला ते फार आवडायचे. पुढे मोटारीचा पत्रा गंजला, ती मोडीत निघाली आणि खाडीवरच्या चंदू कोळ्याने मला नेऊन आपल्या होडीत बसवले. मोटारीचे इंजिन आणि होडीत! मला अपमान वाटला. आठवडाभर मी सुरू व्हायला कुरकुर केली.

पण चंदूची बायको जनी माझे फार लाड करायची. होडी परत आली की मला थंड ठेवायला पोटात खेळवलेले खारे पाणी ती काढायची, हंडाभर गोडे पाणी ओतायची आणि मगच घरी जायची. नारळी पौर्णिमेला होडी रंगवली की उरलेल्या रंगाचा हात माझ्यावरही फिरायचा. एका वर्षी निळा, एका वर्षी पिवळा. अशी तीस वर्षे गेली. या लाडात एक चूक मात्र झाली. कारखान्यात माझ्या अंगावर ठोकलेला नंबर रंगाखाली पार बुडाला.

चंदू थकला, होडीला नवे यंत्र आले आणि मी किनाऱ्यावर फाटक्या जाळ्याखाली पडून राहिलो. वाईट वाटले, रागही आला. शेवटी मला आंबिवलीला सीतारामच्या भंगारवाडीत आणले. त्याने मला चारी बाजूंनी पाहिले, पण नंबर काही दिसेना. नंबर घासून टाकलेले इंजिन चोरीचे असते, ते विकले तर पोलिसांची कटकट, असे त्याने धरले. माझे तुकडे करून ते चारच्या टेम्पोने भट्टीला पाठवायचे ठरले.

त्याच दुपारी रचना आली. ठाकुर्लीला तिचे छोटे गॅरेज आहे. घोडबंदर रोडच्या सुदेशने आजोबांची जुनी मोटार तिच्याकडे दिली होती, पण त्या मोटारीचे इंजिन फुटलेले होते. रविवारपर्यंत त्याच जातीचे इंजिन मिळाले नाही, तर तो गाडी दुसरीकडे नेणार होता. जुन्या मोटारीचे हे तिचे पहिलेच काम. तिला ते झेपणार नाही, असे आजूबाजूचे गॅरेजवाले उघड बोलत होते. आणि आज शनिवार होता.

माझी ठेवण पाहून ती थबकली. लोखंडी पट्टी घेऊन तिने माझी कड खरवडायला घेतली. निळा निघाला, पिवळा निघाला, हिरवा निघाला आणि तळाशी नंबर लागला. मोबाइलमधल्या गाडीच्या कागदाशी तिने तो ताडून पाहिला. सुरुवातीची अक्षरे जुळली, म्हणजे जात तीच होती.

“काका, नंबर घासलेला नाय, रंगाखाली झाकलेला आहे,” ती म्हणाली.

सीतारामला ते पटले, पण तो म्हणाला, “खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन आहे ते, आतून पापड झालं असेल. आणि जाम आहे. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.”

तिने माझ्या पाण्याच्या कप्प्याचे झाकण काढून आत बोट फिरवले. भिंती शाबूत होत्या. जनीच्या हंड्यांनी मला वाचवले होते. पण मी जाम होतो, हे खरेच होते. रचनाने माझे चारही प्लग काढले, आत रॉकेल आणि तेल ओतले आणि शेजारच्या टायरवर बसली. साडेतीन वाजले. टेम्पो कोणासाठी थांबणार नाही, असे सीतारामने बजावले.

“टेम्पो येईतोवर मी पण उठणार नाय,” ती म्हणाली.

मग तिने पाना लावला. मी हललो नाही. जोराचा झटका दिला असता तर माझ्या आतल्या कड्या मोडल्या असत्या. तिने घाई केली नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे, असे ती मला डोलवत राहिली. मीही मनाशी ठरवले, आता हलायचेच. अंगातून कळ गेली, गंज कुरकुरला आणि मी पाव फेरा फिरलो.

“फिरलं,” ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. सीतारामने घण आत ठेवायला सांगितला.

दोन महिने तिने मला खोलले, घासले, जुळवले. आता मी सुदेशच्या मोटारीत आहे आणि ठाकुर्लीच्या त्या गॅरेजसमोर आणखी दोन जुन्या मोटारी उभ्या आहेत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा तरी फिरवून पाहा, आणि ती लगेच फिरली नाही तर जरा वेळ तिच्याजवळ बसा. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर मागच्या नव्या गाड्या मला हॉर्न देतात. देऊ देत. मी माझ्या गतीने चढतो, आणि वर पोचल्याशिवाय थांबत नाही.