गळ्याखालचा ओघळ

गॅलरीच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दारापासून खाली औषधाच्या दुकानापर्यंत रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात कुणा ना कुणा गेलेल्या माणसाचा फोटो. वर पांढऱ्या भिंतींवर चाळीसेक चेहरे टांगले होते. निळ्या-तपकिरी लाटांमधून उगवलेले. अर्धं नाक, अर्धा डोळा, उरलेलं बघणाऱ्याने आपल्या मनातून भरायचं. लोक भरतही होते. एक बाई एका चित्रासमोर ‘हीच माझी आई’ म्हणत डोळे पुसत होती. चित्राखालच्या चिठ्ठीवर ‘निवृत्त पोस्टमास्तर’ असं लिहिलं होतं.

दालनाच्या मधोमध टेबलावर पाण्याचा पसरट ट्रे. त्यामागे काळा सदरा घातलेला चित्रकार. लोक त्याला गुरुजी म्हणत. पाण्याला स्मरणशक्ती असते, असं तो हळू आवाजात सांगायचा. मी काही रंगवत नाही, मी नुसता कागद धरतो, यायचं की नाही ते गेलेला माणूस ठरवतो. फोटो मात्र तीन दिवस आधी द्यावा लागे. पाण्याची आणि फोटोची ओळख व्हायला वेळ लागतो म्हणे. माणसांची ओळख व्हायलाही तेवढा लागत नाही.

मग तो पाण्यावर रंग शिंपडायचा, फणीने त्यात लाटा काढायचा, कोरा कागद त्यावर अलगद टेकवायचा आणि उचलून साध्या पाण्याखाली धरायचा. रंग वाहून जाई आणि मागे चेहरा उरे. 

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा चेहरा असाच आला. भाचा जाऊन आठ महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि पाचव्या दिवशी तो संपला. तेव्हापासून बहीण धड जेवली नव्हती. त्या ओल्या कागदाकडे बघून ती पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, “दादा, बघ, गालावरची खळीसुद्धा आली.”

मला खळी दिसली नाही. मला अबरी दिसली. जुन्या हिशेबवह्यांच्या आणि ग्रंथांच्या पुठ्ठ्याआत तो लहरी-लहरींचा कागद असतो ना, तीच. बाइंडिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तो कागद केला. त्यामुळे त्या कोऱ्या कागदात काय असणार, हे मला तिथेच कळलं होतं. पण मी गप्प बसलो. म्हटलं, हसतेय तर हसू दे, कुणाचं काय जातंय.

काय गेलं ते सांगतो.

बहीण पुन्हा गेली. या खेपेला मी सोबत नव्हतो. चेहरा आला, पण हनुवटीखाली, गळ्यावर, एक गडद डागही आला. वर बारीक, खाली फुगलेला. गुरुजी बराच वेळ डोळे मिटून राहिला. मग म्हणाला की याचा श्वास आपणहून थांबलेला नाही, घशाखाली काहीतरी गेलंय. कुणाच्या हातून, ते मी कसं सांगू? घरातल्या हातांकडे बघा. पाणी खोटं बोलत नाही. नाव हवं असेल तर पुन्हा यावं लागेल.

घरात औषध पाजणारा हात एकच होता, बहिणीच्या सुनेचा, म्हणजे भाच्याच्या बायकोचा.

ही सून म्हणजे कोण, तर मला अक्षरं शिकवणारी. अर्धं आयुष्य मी पुस्तकं शिवली, पण वाचता त्यातलं एकही येत नव्हतं. पानांचे गठ्ठे घडीवरच्या खुणा बघून लावायचो. एकदा एक अख्खा ग्रंथ उलटा बांधला तेव्हा ही नवी सून हसली नाही. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली, म्हणाली, मामा, बसा. त्या वेळी मी छप्पन्न वर्षांचा होतो.

बहिणीने तिला आणि सात वर्षांच्या नातीला कपड्यांच्या दोन पिशव्यांसह घराबाहेर काढलं. शेजाऱ्यांदेखत ‘विषारी’ म्हणाली. मला कळलं ते चार दिवसांनी, भाजीचा भाव सांगावा तसं सहज, शेजारणीच्या तोंडून.

मी बहिणीला समजवायला गेलो. तिच्याकडचा तो डागाचा कागद निरखून बघितला. बोलायला लागलो तर तिने मलाच विचारलं, “पहिल्या दिवशी तू होतास ना तिथे? तेव्हा काही बोलला नाहीस तो?” नाव विचारायला ती तिसऱ्यांदा जाणार होती. मी म्हटलं, मीही येतो.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. गर्दी दाटलेली. गुरुजीने तिच्यासाठी ठेवलेला कोरा कागद काढला, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवला. मी पुढे होऊन म्हटलं, “गुरुजी, कागद आज उलटा टेकवा. चेहरा येणारच असेल तर त्याला बाजूचं काय?”

त्याने माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाला, “आजोबा, श्रद्धा नसेल तर पाणी बिथरतं.”

“बिथरू दे,” म्हणत मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि त्याचा कोपरा जिभेला लावला. सपक. मग मधली जागा लावली. तोंड आवळून आलं. कारखान्यात आम्ही असंच ओळखायचो. तुरटीचं पाणी लावलेली बाजू वाळल्यावर डोळ्यांना दिसत नाही. कागद बहिणीसमोर धरून म्हटलं, “चाख.”

तिने लेकाचा गाल उमटणार होता तिथे जीभ टेकवली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

मग मी लोकांना सांगितलं. तुरटी लागलेल्या जागीच हा रंग कागदाला धरतो. बाकीचा धुतला की जातो. हा गृहस्थ तीन दिवसांत तुमचा फोटो समोर ठेवून तुरटीच्या पाण्याने चेहरा काढतो, वाळवतो आणि तुमच्यासमोर कोरा म्हणून नाचवतो. चेहरा तुम्हीच त्याला आणून दिलेला असतो.

गुरुजी प्रवाह, स्पंदनं असं काहीबाही बोलायला लागला. मी घरून आणलेला कागद पिशवीतून काढला, त्याच्याच ट्रेमधल्या रंगांवर टेकवला आणि धुतला. त्यावर मी एवढंच काढलं होतं: एक आडवी रेघ आणि तिच्यातून खाली सोडलेला एक ओघळ. वर बारीक, खाली फुगलेला.

बहिणीने तो ओळखला. ब्रशात पाणी जास्त झालं, कागद उभा टांगला, हनुवटीवरून थेंब घरंगळला, बस. गुरुजीचा हात चुकला होता. आपली चूक बघून त्याने डोळे मिटले आणि तिच्यावरून एका बाईला खुनी ठरवलं.

तुम्हाला वाटेल लोकांनी त्याला धरलं असेल. दोन-चार जण फोटो परत मागायला लागले. पोस्टमास्तरांच्या चित्रासमोर रडणारी ती बाई मात्र माझ्यावर चिडली. म्हणाली, तुम्हाला काय मिळालं हे करून? तिचंही खरं होतं. मला काहीच मिळालं नाही.

आम्ही तिथून थेट सुनेकडे गेलो. शिवणकामाच्या एका दुकानामागे तिने खोली घेतली होती. नात दप्तर आवरत होती. आजीला बघून ती आईच्या मागे गेली. बहिणीने सगळं सांगितलं, तुरटी, ओघळ, रडत रडत पायही धरू लागली. सुनेने तिला उठवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

“आई, आता कागदाने सांगितलं म्हणून तुम्हाला पटलं,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी तुमच्यासमोर होते. मला एकदा विचारायचं होतंत.”

मग माझ्याकडे वळली. “आणि मामा, तुम्हाला तर पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.”

ती परत आली नाही. नात महिन्यातून एका रविवारी येते, तासभर बसते.

म्हणून हे लिहिलं. तुरटीचा खडा कुठल्याही दुकानात मिळतो. घरी करून बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि असं काही बघताना जवळच्या माणसाला बरं वाटतंय म्हणून गप्प बसू नका. त्याच वेळी विचारा, मोठ्याने विचारा. मी बारा दिवस उशिरा विचारलं.