चौदा नंबरची कॉलर

लाँड्रीवाल्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शर्ट कळायचे. दर सोमवारी सकाळी क्लबची पिशवी दुकानात येऊन पडली की अठरा शर्ट फरशीवर पसरून तो आदल्या दिवशी मैदानात काय झालं ते सांगायचा. गोलकीपरची कोपरं स्वच्छ असली तर त्याला फारसं काम पडलेलं नाही, म्हणजे हे लोक जिंकले. नऊ नंबर बाहीला नाक पुसतो. रुमाल नावाची वस्तू असते हे त्याला घरच्यांनी बहुतेक सांगितलंच नव्हतं. सहा नंबरचं च्युइंगम शेवटी शर्टालाच चिकटतं. तीन नंबर केसांना कसलंसं निळं जेल फासतो आणि ते घामाबरोबर कॉलरवर उतरतं. यांच्यातल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं, तरी यांची सगळी लक्षणं त्याला पाठ होती.

फक्त चौदा नंबरचं तोंड त्याला ठाऊक होतं. तो त्याचा धाकटा भाऊ.

आई-वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि लाँड्रीवाला एकवीसचा. त्याने धाकट्याला वाढवलं, शाळेत घातलं, आणि दुकानात बसवायचं ठरवलं. पण पोराचे पाय मैदानाकडे. क्लबमध्ये घेतलं त्याला, पण बदली खेळाडू म्हणून, आणि दोन वर्षं तो बाकावरच बसला. सोमवारी चौदा नंबरचा शर्ट निघायचा तो घडी न मोडलेला. लाँड्रीवाला तो दोन बोटांत धरून सगळ्या दुकानाला दाखवायचा. "काय रे, याला धुऊ की नुसती इस्त्री मारू?"

धाकटा हसायचा. "घोडामैदान जवळच आहे, दादा. एकदा ये तरी बघायला."

"बाकावर बसलेला माणूस बघायला दुकान बंद करू? ज्या दिवशी खेळशील त्या दिवशी येईन. सांग त्या तुझ्या क्लबला."

एका सोमवारी मात्र धाकटा हसला नाही. त्याने दादाच्या हातातून शर्ट घेतला, स्वतःच टबात टाकला आणि बाहेर निघून गेला. लाँड्रीवाल्याला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. थट्टा आहे, भावाभावांतली.

मग धाकट्याला ताप आला. मेंदूत गेला म्हणाले. चार दिवस. पाचव्या दिवशी लाँड्रीवाला घरी परत आला तेव्हा त्याच्या हातात धाकट्याच्या चपला होत्या, आणि त्या कुठे ठेवायच्या हे त्याला सुचत नव्हतं. आठवड्याने क्लबचा नवा सीझन सुरू झाला.

लोक म्हणाले, रडून घे, मोकळा हो. त्याला रडू येत नव्हतं. कसलंच काही येत नव्हतं. तो उठायचा, शटर उघडायचा, मशीन भरायचा, इस्त्री करायचा, जेवायचा, झोपायचा. बायको एकदा मुद्दाम भाजीत मीठ घालायला विसरली, दोन दिवस विसरली, आणि हा पठ्ठ्या मुकाट्याने जेवून उठला. तिसऱ्या दिवशी तीच रडली. "अहो, निदान माझ्यावर ओरडा तरी," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कशाबद्दल?"

नव्या सीझनच्या पहिल्या सोमवारी क्लबची पिशवी आली. त्याने शर्ट मोजले. अठरा. चौदा नंबर त्यात होता, आणि चिखलाने भरलेला होता. डावा खांदा, डावी कूस, पाठीवर गवताचा हिरवा ओरखडा. म्हणजे नंबर दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता. बरोबर आहे, जग कुणासाठी थांबतं? त्याने शर्ट इतरांबरोबर मशीनमध्ये टाकला. आत कुठे तरी दुखायला हवं होतं, तिथे त्याने चाचपून पाहिलं. काही नव्हतं.

पुढच्या सोमवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. नवा चौदा नंबर भलताच मेहनती निघाला होता. कधी कोपर, कधी पोट, कधी खांदा, पण मळल्याशिवाय कधी आला नाही. धाकट्याने दोन वर्षांत जेवढी माती लावून आणली नाही, तेवढी हा एका रविवारी आणायचा. लाँड्रीवाल्याला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. दर सोमवारी तो धुवायचा आणि दर बुधवारी घडी घालून पाठवायचा. असे पाच महिने गेले.

मग एका सोमवारी मशीनची मोटर बसली. कारागीर म्हणाला, सुटा भाग दोन दिवसांनी मिळेल. क्लबचे कपडे तर बुधवारी द्यायचे. लाँड्रीवाला स्टूल घेऊन मोरीत बसला, आणि वडिलांच्या काळात करायचे तसा एकेक शर्ट ब्रशने घासायला लागला. हाताने धुताना आधी कॉलर घ्यायची; सगळ्यात हट्टी मळ तिथेच असतो. एक, दोन, तीनची ती निळी कॉलर, मग बाकीच्या. असं करत चौदा नंबर हातात आला.

कॉलर कोरी होती.

त्याने ती उलटी केली. उजेडात धरली. काखा पाहिल्या. मग नाकाला लावला शर्ट. चिखलाचा वास होता, दुकानातल्या साबणाचा वास होता. माणसाचा वास नव्हता.

बायको दारात उभी होती. "काय झालं?"

"याला घाम येत नाही," लाँड्रीवाला म्हणाला.

"कुणाला?"

"चौदा नंबरला. बघ. एवढा लोळलाय चिखलात, आणि कॉलरला घामाचा टिपूस नाही."

तिने शर्ट हातात घेतला, कॉलर नाकाला लावून पाहिली आणि परत दिला. तो उठला. हात पुसले आणि ओला-मळका शर्ट कागदात गुंडाळून मैदानाकडे चालू लागला. दुकानापासून मैदान वीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत तो एकदाही तिकडे गेला नव्हता.

क्लबचं सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणायचे. पिशवी दुकानात आणून टाकणारा हाच. मैदानाच्या कडेला त्याची एक खोली होती. भिंतीवर अठरा खुंट्या, कपाटात बूट, कोपऱ्यात बादली. मामा चेंडूत हवा भरत होता.

"मामा, हा चौदा नंबर कोण घालतं?"

मामाने पंप थांबवला. लाँड्रीवाल्याच्या हातातला कागद पाहिला.

"कुणी नाही."

"मग मळतो कसा?"

"मीच मळवतो," मामा म्हणाला, आणि चोरी पकडल्यासारखा खाली बघायला लागला. "बसा ना, भाऊ."

लाँड्रीवाला बसला नाही. मामा चेंडू मांडीवर घेऊन बोलत राहिला.

"पहिल्या मॅचनंतर सतरा शर्ट पिशवीत भरले. पिशवी बांधली. मग मनात आलं, तुम्ही मोजणार. सतरा भरतील. मग अठरावा शोधत बसाल पिशवीत. ते काय मला बघवेना. म्हणून खुंटीवरचा काढून घातला. पुन्हा पिशवी बांधली. मग वाटलं, कोरा पाठवला तर तुम्हाला वाटेल..."

"काय वाटेल?"

"की पोरगा अजून बाकावरच बसलाय."

बाहेर कुणी तरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते फिरत फिरत खिडकीशी आलं आणि लांब गेलं.

"यंदा तो खेळलाच असता," मामा म्हणाला. "मागचा सीझन संपताना कोचने मला सांगितलं होतं. तीन नंबरला बसवायचं आणि चौदाला डाव्या बाजूला मागे पहिल्यापासून खेळवायचं. त्याला सांगायचं नाही म्हणाला, पोरं हवेत जातात. म्हणून नाही सांगितलं. नाही तर मी सांगितलं असतं हो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही." त्याने चेंडू खाली ठेवला. "आता तीन नंबर जिथे पडतो, तिथे मी याला माती लावतो. डाव्या कुशीवर पडला तर डाव्या कुशीला. मैदान कोरडं असलं की बादलीत कालवतो. चूक झाली असेल तर माफ करा."

लाँड्रीवाला खुंट्यांकडे बघत होता. चौदाव्या खुंटीवर काही नव्हतं. शर्ट त्याच्या हातात होता. ज्या दिवशी खेळशील त्या दिवशी येईन, असं तो म्हणाला होता. आणि पोरगा पाच महिने दर रविवारी खेळत होता.

"कॉलर विसरलात," तो म्हणाला.

"अं?"

"खेळणाऱ्याच्या कॉलरला घाम असतो, मामा."

मामाने विचार केला. कामातली चूक दाखवल्यावर कारागीर करतो तसा, मनापासून. "खरंय," तो म्हणाला. "पण घाम कुठून आणू? म्हातारपणी मला येत नाही."

"किती मॅच राहिल्यात?"

"एकच. येत्या रविवारी."

रविवारी दुपारी लाँड्रीवाल्याने पायात बूट चढवले. बायको म्हणाली, "कुठे?" मैदानातलं सगळं त्याने तिला सोमवारीच सांगितलं होतं, तेव्हा तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं.

"मॅचला."

"कुणाच्या?"

"धाकट्याच्या."

तिने खुंटीवरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. "ऊन आहे," एवढंच म्हणाली.

मामाने त्याला बाकाच्या मागे कठड्याशी उभं केलं आणि घडी घातलेला चौदा नंबर त्याच्या हातात दिला. मॅच सुरू झाली. लाँड्रीवाल्याला काही समजेना. बावीस माणसं एका चेंडूमागे पळत होती. एकेकाला एकेक चेंडू घेऊन दिला असता तर भांडण मिटलं असतं. शेजारचे लोक ओरडत होते आणि तो मंदिराबाहेर चपला राखणाऱ्यासारखा कोरडा उभा होता.

मग एक उंच पोरगा त्याच्यासमोरून धावत गेला, थांबला, आणि बाहीला नाक पुसलं.

"अरे ए नऊ नंबर!" लाँड्रीवाला ओरडला. "बाहीला नको! बाहीला नको पुसूस, गाढवा!"

आजूबाजूचे हसले. नऊ नंबरने दचकून मागे पाहिलं. पाच महिन्यांत लाँड्रीवाल्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा निघाला होता, आणि तो ऐकून तो स्वतःच चमकला. पण आता डोळ्यांवरची झापड गेली. हा च्युइंगमवाला सहा. ही गोलकीपरची कोपरं, बिचाऱ्याला आज क्षणाची उसंत नाही. आणि तो डाव्या बाजूला, निळ्या केसांचा तीन नंबर. ही सगळी त्याचीच माणसं होती. यांचा मळ त्याने काढला होता.

तीन नंबरवरून त्याची नजर हलेना. तो धावला की हा कठड्याला धरून दोन पावलं सरकायचा. तो पडला की याचा खांदा आखडायचा. "मागे बघ! मागे आलाय तो!" असं तो बोंबलायला लागला, आणि बरोबर तिथेच एक माणूस मागून आलेला असायचा. हे आपल्याला कसं कळतंय, ते त्याला कळत नव्हतं. हाफ टाइमनंतर क्लबने गोल केला, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने त्याला मिठी मारली आणि त्याने मारू दिली. मग समोरच्यांनी बरोबरी केली. अगदी शेवटी तीन नंबर घसरला, उजव्या कुशीवर आपटला, आणि त्याच्या बाजूने चेंडू आत गेला.

"ऊठ," लाँड्रीवाला म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. "ऊठ रे बाळा, ऊठ."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. हातात जे होतं त्यानेच तो पुसला, आणि मग हातात काय आहे ते पाहिलं. चौदा नंबर. क्षणभर तो थांबला. मग त्याने शर्ट उलगडला आणि कॉलरने नीट, सावकाश पुसलं. कपाळ. कानामागे. मानेची पूर्ण गोलाई. बाकाशी उभ्या मामाने ते पाहिलं आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागला.

सगळे गेल्यावर मामा बादली घेऊन आला. शर्ट गवतावर पसरून त्याने मूठभर माती उचलली.

"उजवी कूस," लाँड्रीवाला म्हणाला.

"पाहिलंय मी," मामा म्हणाला.

सोमवारी मशीन सुरू झालेलं होतं. सतरा शर्ट त्यात गेले. अठरावा घेऊन लाँड्रीवाला मोरीत स्टुलावर बसला. कॉलरवर मळाची काळसर रेघ होती, चांगली ठसठशीत. त्याने साबण लावला, ब्रश घेतला आणि घासायला लागला. रेघ लवकर जात नव्हती.

बायको दारात येऊन उभी राहिली. "काल किती झालं?"

"दोन-एक. हरलो आपण."

ती मोरीच्या उंबऱ्याशी आली. "आणि भाऊजी?"

"पूर्ण वेळ होता मैदानात," लाँड्रीवाला म्हणाला. "चांगला खेळला गं. मी सगळी मॅच..."

पुढचं त्याला बोलता येईना. कॉलरही दिसेनाशी झाली. बायकोने खाली बसून त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, पण शर्ट काही त्याने सोडला नाही.