एकच घाव

वडिलांच्या कादंबरीत मुकादमाला मारणारा घाव एकच होता. त्याआधी कित्येक पानं ऊसतोडे कोयते घेऊन त्याच्याभोवती नुसते उभे राहतात, प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. शेवटी मुकादमाचा भाचाच पुढे होतो, एकदाच मारतो, आणि सगळे मान खाली घालून घरी जातात. सिनेमाला हक्क दिल्यावर आजारी वडील आपल्या मुलीला, चेलोला, एवढंच म्हणाले होते, "तेवढं बदलू देऊ नकोस." त्यांना जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नव्हते.

"डिरेक, घाव एकच आहे," फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर, चित्रीकरणाच्या उसात उभी राहून ती दिग्दर्शकाला म्हणाली.

नेस्टर टोपीनं वारा घेत होता. "इंदाय, अगं पोरी, वाचणारा उभ्या माणसाच्या मनात शिरतो. माझा कॅमेरा कुठून शिरणार? नाकातून?" सगळे हसले. "नुसती उभी माणसं दाखवली तर बाकोलोद शहरातले लोक पडद्यावर शेंगांची टरफलं फेकतील. सगळे मारतील."

मारणारे खरेच ऊसतोडे होते, शेजारच्या मळ्यावरचे. कोयते रबरी. मुकादम झालेला बर्नाबे जन्मभर खलनायक करत आलेला. पहिल्या खेपेला ऊसतोड्यांनी त्याला हळूच थोपटलं.

"गाल कुरवाळताय का?" नेस्टर ओरडला. "नोंग पास्तोर, तुमच्या मळ्यावरच्या मुकादमाचं नाव काय?"

ऊसतोड्यांतल्या त्या म्हाताऱ्यानं नाव सांगितलं.

"हा तोच समजा."

दुसऱ्या खेपेला रबरी कोयते बाजूला पडले. मुठी चालल्या, मग लाथा. बरगडीत बसलेल्या लाथेचा आवाज चेलोला कॅमेऱ्यामागे ऐकू आला. "पुरे, पुरे!" बर्नाबे ओरडत होता, पण पटकथेतही तो हेच ओरडणार होता. मग तो ओरडला, "नेस्टर!" नेस्टरनं कॅमेऱ्याजवळच्यांकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

चेलो धावली. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं. पास्तोर बर्नाबेच्या छातीवर गुडघा रोवून त्याचा गळा आवळत होता. तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे त्याची पकड सुटली.

"कट," नेस्टर हळूच म्हणाला. "तू फार उशिरा आलीस, बरं झालं. आधीचं सगळं सोनं आहे."

कॅमेऱ्याच्या मदतनिसानं रीळ डब्यात घालून झाकणाला पट्टी लावायला घेतली होती. चेलोनं त्याच्या हातून डबा ओढला, उघडला आणि फिल्म उन्हात ओरबाडून काढली. ऊन लागून निकामी झालेली ती काळी वेटोळी तिच्या पायांशी पडली.

बर्नाबे उठून बसला होता. तळहातावर पुढचा दात.

"काय केलंस हे, इंदाय? आता पुन्हा मारतील मला."

"नाही मारणार. पुस्तकात..."

"पुस्तकात माझा दात गेला नव्हता." तो बाजूला रक्त थुंकला. "नेस्टर, दुसरं रीळ चढव. रक्त वाळायच्या आत."

तो आपण होऊनच तुडवलेल्या जागेवर आडवा झाला. ऊसतोडे भोवती आले. पास्तोर मनगट चोळत मागेच राहिला. "आता नको, डिरेक. हात उचलवत नाही."

"मग लाथ मार, म्हाताऱ्या," बर्नाबे खालून म्हणाला. "माझा दात फुकट घालवणार आहेस का?"

पास्तोरनं चेलोकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला.

फाटलेल्या ओठावरचं रक्त तिनं पुसलं आणि मान वळवली. नेस्टरनं हात उंचावला. पहिली लाथ तिला दिसली नाही, ऐकू आली.