काल्याच्या दुसऱ्या दिवशी

तपासणीच्या कागदावर साफ लिहिलं होतं: आदल्या दिवशी मोठा आवाज असेल तिथे थांबू नये. कल्याणने ते दोनदा वाचलं होतं. सतरा वर्षं सोनईच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मग नोकरी सोडून वैमानिकाचा परवाना काढला. विमान कंपनीने निवडही केली. आता फक्त कंपनीच्या तपासणीचा वैद्यकीय दाखला हवा होता, तोही रविवारच्या आत. रविवारी त्याला बेचाळीस पूर्ण होत होती आणि कंपनीची वयाची मर्यादा तिथेच संपत होती.

आदला दिवस नेमका तिसगावच्या सप्ताहातला, काल्याच्या कीर्तनाचा. कल्याण लांब, मांडवाच्या कडेला बसला होता. बुवांनी माईकवरून हाक दिली, "गावचं विमान मागं का लावलंय? पुढं आना, टाळ द्या!"

मांडव हसला. वडील, गोरक्षनाथ, उठून त्याच्यापाशी आले.

"आण्णा, उद्या कानाची तपासणी आहे."

"आरं, देवाच्या नावानं कुनाचं कान गेल्यात का? चल, लोक बघत्यात."

कल्याण उठला. खरं तर त्यालाही उठायचंच होतं. दोन मृदंग, तीस टाळकरी, डोक्याशी स्पीकर. गजर चढला तसं वय, दाखला, रविवार सगळं गळून पडलं. दोन तास तो नाचला. इतकं सुख त्याला आभाळातही लाभलं नव्हतं.

सकाळी पुण्यात, दवाखान्याच्या बंद काचेच्या खोलीत, तपासणाऱ्या बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. "बारीक आवाज आला की बटण दाबा."

कानात अजून टाळच वाजत होते. पांडुरंगा, एवढं ऐकू दे. किणकिण आली, दाबलं. परत आली, दाबलं. मग त्याला घाम फुटला. ही मशीनची की कालची? न दाबावं तर गेलंच सगळं. तो दाबतच राहिला.

बाईंनी दार उघडलं. "सर, मघापासून मी आवाज दिलेलाच नाही."

"परत घ्या ना, ताई. काल कीर्तनात होतो. उद्यापर्यंत उतरेल."

"आता पंधरा दिवसांनी."

"रविवारी माझं..."

"सर, नियम आहे."

बाहेर बाकावरून गोरक्षनाथ लगबगीने उठले. "झालं व्हय रं?"

"झालं."

म्हाताऱ्याने पिशवीतून लाह्यांचा प्रसाद काढला आणि बाईंच्या हातावर मूठभर ठेवला. "घ्या, ताई. पोरगं पायलट झालं आमचं."

बाईंनी कल्याणकडे पाहिलं. त्याला वडिलांना थांबवता आलं नाही.