सात नंबरचा बिल्ला

रविवार, १९ नोव्हेंबर १९८९. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चिंतामणी आगाशे यांनी तीन वेळा शिट्टी वाजवली आणि पाण्यावरची पोरं किनाऱ्याला बोलावली. बारवी धरणाच्या मागच्या अंगाला, ठाकरांच्या वाडीपासून पाऊण मैलावर, त्यांच्या स्काउट पथकाचा तीन दिवसांचा तळ पडला होता. त्याचा हा शेवटचा दिवस. सोळा पोरं, चार कॅनू. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या त्या अरुंद होड्या पोरांनीच प्लायवुड आणि डांबराने बनवल्या होत्या.

किनाऱ्यावरच्या आंब्याला एक फळी टांगलेली होती. फळीवर नंबर घातलेले अठरा खिळे, सोळा पोरांचे आणि दोन मोठ्यांचे; प्रत्येक खिळ्याला डब्याच्या झाकणाचा एक बिल्ला. एक बाजू लाल, एक पांढरी. पाण्यात जाताना आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आल्यावर पांढरा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, भाऊ असला तरी. नियम आगाश्यांचा, फळीही त्यांचीच. अंबरनाथच्या कारखान्यात ते प्रयोगशाळा सांभाळत. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आतलं पाणीसुद्धा पाणी मानायचं नाही, अशा शिस्तीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. लग्न केलं नव्हतं. रविवार पथकाचा होता, आणि उरलेले सहा दिवस रविवारची वाट बघण्याचे.

पोरं ओली, ओरडत वर आली आणि एकेकाने बिल्ला उलटला. सात नंबर तेवढा लाल राहिला.

सात नंबर जयदेवचा. विष्णुपंत पोंक्षे आगाश्यांच्याच कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांचा हा एकुलता एक मुलगा. अकराव्या वर्षी पथकात आला, आता चोवीस वर्षांचा होता आणि आगाश्यांचा मदतनीस झाला होता. हात सोन्याचे, डोकं वाऱ्यावर. या तळावर तो दोनदा बिल्ला उलटायला विसरला होता. आदल्या संध्याकाळी शेकोटीपाशी आगाश्यांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं होतं.

"बिल्ला म्हणजे तू. उद्या विसरलास तर शिट्टी काढून घेईन."

"घ्या की सर," जयदेव हसून म्हणाला होता. "तोंडाने वाजवीन."

पोरं खिदळली होती. आगाशे हसले नव्हते.

आता ते फळीसमोर उभे राहिले आणि मागे वळून बघितलं. चुलीपाशी खाकी शर्टातलं कुणीतरी वाकून फुंकर मारत होतं. आलाय तर, त्यांनी मनात म्हटलं. तिसऱ्यांदा विसरला. म्हणजे आता सोळा पोरांपुढे त्याला उभा करायचा, गळ्यातली शिट्टी काढायची. तेरा वर्षांपूर्वी ती शिट्टी त्यांनीच त्याच्या गळ्यात घातली होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सात नंबरचा बिल्ला त्यांनी हलकेच पांढरा केला. आयुष्यात एवढी एकच सूट त्यांनी कुणाला दिली असेल.

एक पन्नासला जेवणं सुरू झाली. एक थाळी उरली.

"सर, जयदेवदादाची थाळी मी खाऊ?" उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात राहणारा अनंता ओरडला. "वो तो दिख ही नहीं रहा."

"चुलीपाशी असेल."

"चुलीपाशी मी आहे, सर," स्वयंपाकाला आणलेला हरिचंद्र तिथूनच म्हणाला. तो उठून उभा राहिला. अंगात खाकी शर्ट होता, पथकातलाच जुना, कुणीतरी दिलेला.

आगाश्यांनी होड्या मोजल्या. तीन होत्या.

अडीचच्या सुमाराला वाडीवरचा गोमा धापा टाकत आला. "सायेब, तुमची पोरां समदी हायेत ना? पल्याड येक होडी लागलीय, झाडांत. मानूस नाय तिच्यात."

होडी सुलटी होती. पाण्यातून वर आलेल्या मेलेल्या झाडांच्या शेंड्यांत अडकलेली. आत पाणी नाही, वल्हं नाही. तिथून किनारा तीस हातांवर. आणि त्या किनाऱ्यावरून मुरबाडच्या रस्त्याला पायवाट जाते.

संध्याकाळी पोलीस आले. निवडणूक चार दिवसांवर आलेली, सगळी माणसं बंदोबस्तावर. कोंडाजी नावाचा एक थकलेला हवालदार आणि एक शिपाई एवढेच. कोंडाजीने फळीची पद्धत समजून घेतली, बराच वेळ बिल्ल्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे, गुरुजी, अकरा-चाळीसला याचा बिल्ला पांढरा व्हता?"

"पांढरा होता," आगाशे म्हणाले.

वाक्य खरं होतं. पोरंही तेच सांगत होती, सगळ्यांनी फळी पाहिली होती. रात्री तळाच्या वहीत त्यांनी लिहिलं: 'सकाळी ११.४०. सर्व बिल्ले पांढरे.' तेही खरं होतं.

"मग तो बाहेर आला, आणि मागनं होडी घेऊन गेला निघून," कोंडाजी म्हणाला. "याआधी असा कधी गेलाय?"

गेला होता. एकोणिसाव्या वर्षी, घरात शब्द न टाकता, इंदूरला. अकरा दिवसांनी परत आला होता. कोंडाजीने ते लिहून घेतलं. पाण्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, मग थांबवलं. पुढे महिनाभर शोध झाला तो स्टेशनांवर आणि एसटी स्टँडांवर.

सांगायचं राहून गेलं, असं नव्हे. पहिल्या रात्री सांगायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी आगाशे कुळगावला पोंक्षे यांच्या घरी गेले, तेव्हा ओठांवर होतं. पण जयदेवची आई, मालिनीबाई, दारातच म्हणाल्या, "भावजी, बिल्ला उलटलान् ना त्याने? मग झालं. रागावून गेलाय. येईल."

 विष्णुपंत दोन वर्षांनी वारले.

आगाशे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुळगावला जात. मालिनीबाई चहा करत. आल्यागेल्याला त्यांचं एकच सांगणं असे: "आगाशे भावजींची फळी खोटं बोलत नाही." कुणी दिवसकार्याचा विषय काढला तर त्या उठून आत जात. आगाशे कप खाली ठेवत, आणि बशीवर तो वाजू नये इतक्या काळजीने ठेवत.

पथक पुन्हा पाण्यावर गेलं नाही. पोरं क्लासला जाऊ लागली, सोळाची नऊ झाली, नऊची चार. ९४ साली शाळेने खोली परत मागितली. आगाश्यांनी तंबू गुंडाळले, वह्या बांधल्या आणि फळी बुवापाड्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत नेऊन भिंतीला लावली. जेवताना ती समोर असे. कधी कधी ते उठून सात नंबर लाल करत, आणि झोपण्याआधी पुन्हा पांढरा.

११ मे १९९७ ला गोमा त्यांचं घर शोधत आला. हातात वल्हं. पाणी त्या वर्षी फार खाली गेलं होतं.

"जुन्या बंधाऱ्याच्या दगडांत गवसलां. तुमचाच ना? सात कोरलाय."

"कुठल्या अंगाला?"

"मधी, सायेब. ना अल्याड, ना पल्याड."

वल्ह्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. वल्हं वाहतं, अडकतं, बुडतं. एरवी त्यांनीच हे कुणालाही समजावून सांगितलं असतं. त्यांनी गोमाला जेवू घातलं, रिक्षापर्यंत पोचवलं, आणि तिसऱ्या प्रहरी वल्हं घेऊन कुळगावला गेले. महिन्याचा पहिला रविवार नव्हता, म्हणून मालिनीबाई दारातच थबकल्या.

"वहिनी, तो बिल्ला मी उलटला होता."

त्यांनी सगळं सांगितलं: चूल, खाकी शर्ट, हरिचंद्र. बाई वल्ह्याकडे बघत होत्या.

"सात वर्षं?" त्या म्हणाल्या.

"साडेसात."

"मोजत होतात तर."

आगाश्यांनी वल्हं चौकटीला टेकवलं.

"का उलटलात?"

"त्याची शिट्टी काढून घ्यावी लागली असती."

बाईंनी पदराने वल्ह्यावरची वाळलेली माती पुसली. सात आकडा दिसेपर्यंत पुसत राहिल्या.

"तुम्हाला इतकी माया होती, हे त्याला कधी कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "आज चहा नाही करत. तो बिल्ला मला आणून द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्ला नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत लेखी जबाब. कोंडाजी कधीच निवृत्त झाला होता. नवा फौजदार वयाने जयदेवएवढाच असेल. त्याने जबाब दोनदा वाचला.

"काका, हे त्याच वेळी सांगितलं असतं तर आम्ही पाण्यातला शोध थांबवला नसता."

"हो."

"बसा ना. पाणी देऊ?"

जबाब घेतला गेला, पोच मिळाली. पाणी उतरलेलं आहे तोवर तळ बघून घेऊ, असं फौजदार म्हणाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरण पुन्हा भरू लागलं. तोवर कुणी आलं नव्हतं. गोमा रोज बघत होता.

६ जुलैला, पहिल्या रविवारी, आगाशे कुळगावला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या वृंदाने खिडकीतून सांगितलं की मावशी गुरुवारी इंदूरला गेल्या. एकट्याच. जयदेवचा फोटो आणि कसलातरी पत्र्याचा बिल्ला बरोबर नेलाय.

"इंदूरला कुणाकडे?"

"ते नाही सांगितलं. तुम्ही याल म्हणाल्या होत्या."

"काही निरोप?"

"नाही, काका. निरोप काहीच नाही."

परत कधी येणार, तेही त्या सांगून गेलेल्या नाहीत.